स्त्री १ मधे बोलते

कॅसेटवाले,

मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा शुद्ध वेडेपणा आहे. चौतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. तरी लिहिते आहे, कारण तुमच्यावर दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, आणि लिहिलंच तर 'मनमिळाऊ, हसतमुख' असं काहीतरी लिहून मोकळे होतील. तुम्ही मनमिळाऊ नव्हता. हसतमुख तर मुळीच नव्हता. गिऱ्हाईक दारात आलं की तुम्ही मान न वळवता एक बोट वर करायचात, म्हणजे 'थांबा', आणि ते बोट कधीकधी दहा मिनिटं वरच असायचं.

सगळी गल्ली तुम्हाला 'कॅसेटकाका' म्हणायची. मी म्हटलं नाही. तुम्ही माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी काय नवे काका शोधत फिरू? म्हणून 'कॅसेटवाले'. तुम्ही मला 'बाई' म्हणायचात, आणि तेही असं, की जणू मी आत्ता हजेरी घेणार आहे.

दुकान म्हणजे तीन मजली इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. ताठ उभं राहता यायचं ते फक्त दारात. तुमच्या खुर्चीपर्यंत पोचायचं तर कमरेत वाकायला लागायचं. आत दोन चालू व्हीसीआर, एक जुना जाडजूड टीव्ही, एक कॉम्प्युटर, आणि खालच्या फळीवर तीन बंद व्हीसीआर. त्यांचे पट्टे, चाकं, स्क्रू काढून तुम्ही चालू दोघांना लावायचात. मी एकदा म्हटलं, "हे भंगार कशाला ठेवलंय?" तर म्हणालात, "भंगार नाही, बाई. देहदान केलंय त्यांनी." पंखा होता, पण तो लावायचा नाही, धूळ उडते. दुपारी तुमच्याकडे बसलं की माणूस उकडून निघायचा, आणि तुम्ही मात्र हेडफोन लावून कुणाच्या तरी वीस वर्षांपूर्वीच्या सहलीत गारेगार.

तुमचं चरित्र मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. निम्मं तुमच्याकडून, उरलेलं, म्हणजे खरं, तुमच्या बायकोकडून. सतराव्या वर्षी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलात. सव्विसाव्या वर्षी खांद्यावर कॅमेरा आला, आणि पुढची एकोणीस वर्षं लग्नांची शूटिंग. चारशे बारा लग्नं. "यांना चारशे बाराच्या चारशे बारा तारखा तोंडपाठ," तुमची बायको म्हणाली, "आमची विचारा. म्हणतात, त्या दिवशी मी शूटिंगला नव्हतो."

शूटिंगमधली तुमची एक खोड सगळ्यांना माहीत होती. कार्यालयात शिरलात की नवरा-नवरीकडे जायच्या आधी तुम्ही खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे कॅमेरा वळवायचात. एकेकावर अर्धा-अर्धा मिनिट. नवरीचा बाप ओरडायचा, "अहो, इकडे या ना! तिकडे काय आमच्या आत्याबाईचं कौतुक लावलंय?" तुमचं उत्तर ठरलेलं: "नवरा-नवरी उद्याही असतात." उद्धटपणाच तो. पण दहा-बारा वर्षांनी तेच लोक तुमच्याकडे यायचे आणि विचारायचे, त्या टेपमध्ये आमची आत्या आहे ना हो? असायची.

मग सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आले आणि तुमचं शूटिंग बसलं. तुम्ही कुरकुरत बसला नाहीत. जिन्याखाली जागा घेतलीत आणि लोकांच्या घरगुती टेपांच्या डिस्क करून द्यायला लागलात. या कामात पळवापळवी नाही, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी ऐकवलंत. तासाची टेप उतरवायला तास लागतो, तीन तासांची उतरवायला तीन. तुम्ही हेडफोन लावून सगळं बघायचात, वहीत मिनिटांनुसार नोंद करायचात, आणि पुढे पडद्यावर नुसत्या पांढऱ्या मुंग्या उरल्या तरी टेप संपेपर्यंत ती थांबवायची नाही. टेपवर जे आहे ते डिस्कवर. कमी नाही, जास्त नाही. आणि जे पाहिलं त्याबद्दल बाहेर अवाक्षर नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांची भांडणं तुमच्या कानांवरून गेली असतील. शिंपी तुम्हाला खोदून खोदून विचारायचा. तुम्ही म्हणायचात, "तू कपडे शिवतोस ना? मग कुणाचं पोट किती सुटलंय ते गावाला सांगतोस का?" शिंपी म्हणायचा, "सांगतो की!"

आता माझं काम. तुमचं माझ्याकडे काहीच अडलं नव्हतं. अडलं होतं ते माझं.

माझी धाकटी बहीण बस स्टँडवर नोकरीला होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे हे माईकवरून सांगायचं, एवढंच काम, पण सव्वीस वर्षं. तिचा चेहरा गावात कुणी ओळखत नव्हतं. आवाज मात्र सगळे ओळखायचे. भाजी घेताना तिने "कशी दिली?" विचारलं की भाजीवाला वर बघायचा. त्या घोषणा कुणी रेकॉर्ड करून ठेवल्या नाहीत. कशाला ठेवतील? रोज नव्याने होत होत्या. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. नवरा त्याआधी चार वर्षं गेलेला, मुलगा परगावी. मी लग्न केलेलं नाही, घरात जागा आहे. ती माझ्याकडे आली. तेव्हापासून ती पाटीवर लिहिते. लहान मुलांची असते तीच पाटी, खडू आणि ओलं फडकं.

एक दिवस तिची चार वर्षांची नात आली आणि तिने मला विचारलं, "आजी पहिल्यापासून अशीच आहे?" मी म्हटलं, "नाही गं, तुझी आजी सगळ्या गावाला ऐकू जायची." नात गेल्यावर धाकटीने पाटीवर लिहिलं: 'कसा होता गं माझा आवाज? मलाच आठवत नाही.'

तिचा आवाज असलेली एकच वस्तू जगात होती, आणि ती माझ्या न्हाणीघरावरच्या माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत, मी स्वतः लपवलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी अकरा टेपा घेऊन तुमच्याकडे आले. दहा माझ्या, निरुपयोगी: सेमिनार, सत्कार, कॉलेजचं स्नेहसंमेलन. अकरावी ती. लबाडीची ही पद्धत मी विद्यार्थ्यांकडून शिकले. ते नाही का, एक चोरलेलं उत्तर दहा स्वतःच्या चुकांमध्ये पेरतात. तुम्ही बोट खाली केलंत, टेपा एकेक करून उजेडात धरल्यात आणि अकरावीला थांबलात.

"ही कुठे ठेवली होती?"

"माळ्यावर."

"कुठल्या?"

"माळा म्हणजे माळा! तुम्हाला घराचा नकाशा देऊ का?"

"ओल लागलीय, बाई. हे पांढरं दिसतंय ना कडेला, ती बुरशी. ही अशी मशीनमध्ये घातली तर टेप वाचणारं हेड जाईल. हेड नवीन मिळत नाही. ही चांगली मशीन गेली तर मागे उरते ती दुसरी, आणि दुसरी टेप खाते."

"मग नाही म्हणा."

"नाही कुठे म्हटलं?" तुम्ही टेप उलटी केलीत. "आणि ही पट्टी कुणी लावली?"

टेपच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात एक प्लास्टिकची बारीक जीभ असते. ती तोडली की त्या टेपवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. जपायची टेप असली की लोक ती तोडायचे. आणि ज्यांना तरीही रेकॉर्ड करायचं असे, ते त्या खाचेवर चिकटपट्टी लावायचे. या टेपची जीभ तोडलेली होती. वर पट्टी होती.

"असेल कुणीतरी," मी म्हटलं. "धाकटीचा नवरा धांदरट होता."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि पावती केलीत.

पट्टी मी लावली होती, कॅसेटवाले. बत्तीस वर्षांपूर्वी धाकटी, तिचा नवरा आणि मुलगा माझ्याकडे चार दिवस राहायला आले होते. नवऱ्याने मित्राचा कॅमेरा आणला होता. धाकटीने जेवायच्या टेबलाशी उभं राहून, हातात डाव धरून, घरातल्या प्रत्येकाची बस स्टँडसारखी घोषणा केली होती: अमुक गाडी उशिराने धावत आहे, तमुक गाडी आज अंघोळ न करता सुटेल. आम्ही हसून हसून लोळलो होतो. नवऱ्याने टेप जपून रिवाइंड केली, जीभ तोडली आणि माझ्याकडे ठेवली, कारण व्हीसीआर माझ्याकडे. पुढच्या आठवड्यात टीव्हीवर स्फटिकांच्या रचनेवर पाठ होता. माझ्या वर्गाला तो हवा होता, कोरी टेप संपलेली, आणि सुरू व्हायला तीन मिनिटं. मी विचार केला, या टेपच्या शेवटी बरीच जागा असेल. पट्टी लावली आणि बटण दाबलं. टेप शेवटी आहे की सुरुवातीला, हे पाहिलं नाही. स्वतः मात्र लायब्ररीची टेप रिवाइंड न करता परत आणणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर काढत असे. धाकटीच्या नवऱ्याने टेप रिवाइंड केली असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सत्तेचाळीस मिनिटं स्फटिक, आणि त्याच्या पुढे जे काही उरलं असेल ते.

वर्षभराने धाकटीने टेप मागितली. मी म्हटलं, "तुझ्याच नवऱ्याने परत नेली ना ती?" तो बिचारा छत्र्या विसरणारा, चष्मे हरवणारा माणूस. त्याला वाटलं, नेली असेल. मग तो आयुष्यभर 'टेप हरवणारा' म्हणून ओळखला गेला, आणि मी गप्प राहिले. झालं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही टेप दुकानात उघडली नाहीत. वर घरी नेलीत, खिडकीपाशी टेबल लावलंत, नाकाला रुमाल बांधलात, पाच स्क्रू काढून रिळं नव्या डबीत घातलीत, आणि अडीचशे मीटर फीत मऊ कापडाच्या घडीतून, थोडंथोडं स्पिरिट लावत, बोटाने रीळ फिरवत पुसलीत. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. तीन आठवडे. मी दर तीन दिवसांनी येऊन डोकावायचे.

"झालं का?"

"बाई, तुम्ही विचारलंत की माझं बोट थांबतं."

तुमची बायको आतून म्हणायची, "विचारा, विचारा! तीन आठवडे खिडकी अडवून बसलेत. माझे कपडे वाळत नाहीत की काही नाही. लग्नात माझा हात इतका वेळ धरला नव्हता."

"तुझ्या हाताला बुरशी नव्हती," तुम्ही म्हणालात. मान वर न करता.

मग चांगल्या मशीनमध्ये, एकदाच, तुम्ही ती चालवलीत. मला दुकानात बसू दिलं नाहीत. संध्याकाळी डिस्क आणि नोंदीचा कागद माझ्या हातात दिलात. तो कागद माझ्यासमोर आहे. निळ्या शाईत, सरळ रेघांत:

'०.०० ते ०.४७ — टीव्हीवरचा पाठ, स्फटिक. ०.४७ ते ०.४८ — मुंग्या. ०.४८ ते १.०९ — घर. कॅमेरा टेबलावर चालू राहिलेला दिसतो. चित्रात खुर्चीचा पाय. आवाज आहे. स्त्री १, स्त्री २, मूल.'

आणि त्याखाली बारीक अक्षरात, मिनिटं-सेकंद घालून: 'स्त्री २ बोलते. स्त्री १ मधे बोलते. स्त्री २ बोलते. स्त्री १ मधे बोलते.' एकोणीस वेळा. शेवटी बेरीज: 'स्त्री २ एकटी: एक मिनिट बावन्न सेकंद. सलग जास्तीत जास्त: अकरा सेकंद.'

"ही स्त्री १ कोण?" मी विचारलं, उगीच.

तुम्ही हेडफोन पुसायला घेतलात. तेवढी दया तुमच्यात होती.

"तिचा आवाज काढून टाकता येईल? स्त्री १चा?"

"बाई, दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर आहेत. दूध आणि पाणी वेगळं करायला मी काय राजहंस आहे?"

"मग निदान सुरुवातीचा पाठ तरी काढा. त्या स्फटिकांशी तिचा काय संबंध?"

"टेपवर आहे ते डिस्कवर."

"अहो, पण गिऱ्हाईक मी आहे!"

"हो," तुम्ही म्हणालात, "पण टेप त्यांची आहे ना?"

मी छत्री आपटून निघून आले. चार दिवस ती डिस्क माझ्या टेबलाच्या खणात होती. दिली तर धाकटीला तिचा आवाज मिळणार होता, आणि त्याच्या आधी सत्तेचाळीस मिनिटं माझी चोरी. न दिली तर कुणालाच काही कळणार नव्हतं. बत्तीस वर्षं कळलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, दुसरा विचार मी पुष्कळ वेळ केला. शेवटी डिस्क दिली ती काही मनाच्या मोठेपणाने नव्हे. पाचव्या दिवशी ती गॅलरीत उभी होती, खाली कुणाची तरी सायकल पडली आणि तिने तोंड उघडलं, 'अरे सांभाळ' म्हणायला. नुसतीच हवा आली. मी खण उघडला.

सकाळी अकरा वाजता आम्ही बसलो. रिमोट तिच्या हातात. पाठ सुरू झाला. मी म्हटलं, "हे पुढे पळव." तिने 'नाही' अशी मान हलवली. स्फटिकांचा एकेक आकार ती बघत राहिली, आणि दहाव्या मिनिटाला हळूच माझ्याकडे वळून बघितलं. रसायनशास्त्राची बाई त्या घरात एकच होती. मी समोर बघत राहिले. उरलेली सदतीस मिनिटं तिने मला बघायला लावली.

मग मुंग्या, खुर्चीचा पाय, आणि तिचा आवाज.

"साडेचारची गाडी चार चाळीसला सुटते, ताई, मी रोज—"

"पावणेपाचला! मी त्या गाडीने जाते!"

"अगं, मी रोज माईकवर सांगते ना—"

"तू सांगत असशील. ड्रायव्हर ऐकतो का तुझं?"

"मला एक वाक्य तरी—"

"पावणेपाच!"

गाड्यांच्या वेळेवरून मी बस स्टँडच्या निवेदिकेशी भांडत होते. एकवीस मिनिटं. मधे एकदा तिचा मुलगा बाहेरून आला असावा, कारण तेवढ्यात तिने न थांबता, मोठ्याने, त्या स्टँडच्या सुरात म्हटलं, "पाय पुसून आत ये, चपला दारात, डबा ओट्यावर, आणि मावशीला विचार, तिच्या घड्याळात किती वाजले!" ते तुमचे अकरा सेकंद. ते तिने सहा वेळा लावले. हसली, खांदे हलवत. मग रिमोट ठेवला, पाटी पालथी केली आणि खोलीत गेली.

बोलू न शकणाऱ्या माणसाने अबोला धरलेला कळतो कसा, असं कुणाला वाटेल. कळतो. पाटी आठ दिवस पालथी होती. जेवण, औषधं, धुणं, सगळं वेळेवर, पाटी पालथी. नवव्या दिवशी ती सरळ झाली. त्यावर लिहिलं होतं: 'त्याने आमचा माळा तीनदा उपसला होता.' दिवसभर तिने ते पुसलं नाही. मी तिची माफी मागितली, मधे न थांबता. ती ऐकत राहिली, आणि माफ केलं असं काही तिने लिहिलं नाही. संध्याकाळी पाटी पुसून लिहिलं: 'एक मिनिट बावन्न सेकंद पुरत नाहीत. आणखी कुठे असेल का, विचार त्यांना.'

म्हणून मी पुन्हा तुमच्या दारात. तुमचं बोट वर. बोट खाली आल्यावर मी सरळ म्हटलं, "ती पट्टी मी लावली होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"पट्टीवर पेनने 'स्फटिक, भाग १' लिहिलंय. पावतीवर तुमची सही होती; अक्षर एकच."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी बघतो, बाई. बोलत नाही."

पण त्या दिवशी बोललात. मी धाकटीचा निरोप सांगितला, तसे तुम्ही हेडफोन गळ्यात घेतलेत. मग जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीमागून डायऱ्या काढल्यात, शूटिंगच्या, सोळा. एका पानावर बोट ठेवलंत. लग्न झाल्यावर त्या मंडळींनी नवरा-नवरीला बस स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं होतं, आणि तुम्ही तिथपर्यंत कॅमेरा घेऊन गेला होता. "नवरी खिडकीतून बापाचा हात धरून रडत होती," तुम्ही सांगितलंत, "आणि वर भोंग्यातून तुमची बहीण. एक गाडी, दुसरी गाडी, तिसरी गाडी. मी तेव्हा दातओठ खाल्ले होते. अख्खं रडणं खाल्लं हो त्यांनी. पाच-सहा मिनिटं तरी असेल, सलग. मधे कुणी बोललेलं नाही."

शेवटचं वाक्य तुम्ही मुद्दाम टाकलंत, हे मला कळलं.

टेप अर्थात त्या लोकांकडे. घर छापखान्यामागे, आपल्या गल्लीपासून वीस मिनिटांवर. तुम्ही आधी एकटे जाऊन आलात. दार सुनेने उघडलं. तीस वर्षांपूर्वीचा शूटिंगवाला टेप परत मागतोय म्हटल्यावर तिने साखळीसुद्धा काढली नाही. "तुम्ही बरोबर चला," तुम्ही मला म्हणालात. "वयस्कर बाई दिसली की माणसं आत घेतात. बोलायचं मी. तुम्ही फक्त उभ्या राहा, आणि कृपा करून—"

"कळलं," मी म्हटलं. "नाही बोलणार मधे."

गुरुवार तुमचा सुट्टीचा. पहिल्या गुरुवारी धाकटीची तपासणी निघाली. दुसऱ्या गुरुवारी चांगल्या मशीनचा पट्टा तुटला आणि तुम्ही देहदानवाल्यांपैकी एकाला उघडून बसलात. तिसऱ्या गुरुवारी सकाळी नऊला छापखान्याच्या कोपऱ्यावर भेटायचं ठरलं. मी नऊला पाच कमी असताना हजर. नऊ वाजले, नऊ पाच, नऊ दहा. दहा मिनिटं मी कुणासाठीच थांबलेले नाही, विभागप्रमुखांसाठीही नाही. मी घरी निघून आले. तुम्ही सव्वानऊला पोचलात. एका म्हाताऱ्या गृहस्थांची टेप सकाळी घाईने लावली होती, ते गाडीने परगावी निघाले होते, आणि ती शेवटापर्यंत चालवल्याशिवाय तुम्ही उठला नाहीत.

फोनवर मी तुम्हाला काय काय म्हटलं, ते तुम्ही कुठे नोंदवलं नसेल अशी आशा आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पुढच्या गुरुवारी, बाई. नऊ वाजता. मी आठला येऊन उभा राहतो." मी म्हटलं, "बघू," आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी दात घासताना तुम्ही बेसिनपाशी बसलात, आणि तिथेच गेलात. तुमच्या बायकोने सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "मशीनमध्ये कुणाची तरी टेप आहे हो, ती काढायची कशी?" किल्लीवाल्याने येऊन काढली.

दुकान आता शिंप्याने घेतलं आहे. डायरी तुमच्या बायकोने मला दिली, पानावर खूण घालून. पत्ता स्पष्ट लिहिलेला आहे, घराचा नंबरसुद्धा. धाकटी दर बुधवारी संध्याकाळी पाटीवर लिहिते, 'उद्या जाऊया?' मी सांगते, गुडघा दुखतोय. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. त्या सुनेने साखळी काढली, आत घेतलं आणि म्हणाली की ती टेप कधीच कुणीतरी वापरून टाकली, तर धाकटीला घरी आणून मी काय सांगायचं, ते मला सुचत नाही. आतापर्यंत अकरा गुरुवार झाले. छापखान्यापर्यंत दोनदा एकटीच गेले, कोपऱ्यावर उभी राहिले, आणि परत आले.